ते वाक्य कोणासाठी होते?

(चिंतनासाठी वाचने : योहान २१:१५-१९; २ करिंथ २:५-११)



मागे एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वयस्कर मावशी मागे थांबल्या. त्यांच्या मुलाने हिंदू मुलीशी लग्न केले आहे. बिशपांची रीतसर परवानगी घेऊन ते लग्न चर्चमध्येच लागले. सून गुणाची आहे. सासूची औषधे वेळेवर देते, रविवारी नवऱ्याला झोपेतून उठवून मिस्सेला पाठवते. पण एका नातेवाइकाने मावशींच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर संत सिप्रियन यांचे नाव होते आणि खाली एक ओळ. ख्रिस्तसभेच्या बाहेर तारण नाही, असा तिचा अर्थ.

“फादर, एवढे मोठे संत, ते खोटं कशाला लिहितील? मग माझ्या सुनेचं काय?”

मावशींच्या डोळ्यांत पाणी होते. मी म्हणालो, “मावशी, मला थोडे दिवस द्या. हे त्यांनी कधी लिहिलं, कोणाला लिहिलं, ते आधी पाहू या.”

त्यानिमित्ताने सिप्रियन यांची पत्रे मी पुन्हा वाचायला घेतली. त्यांत जे सापडले, ते आज तुम्हा सर्वांसमोर ठेवतो.

सिप्रियन कोण होते?

संत सिप्रियन हे उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप. आज तो भाग ट्युनिशिया देशात, ट्युनिस शहराजवळ येतो. मिस्सेत रोमन कॅनन म्हणजे पहिली ख्रिस्तप्रसाद-प्रार्थना म्हटली जाते, तेव्हा पोप कॉर्नेलियस यांच्या नावापाठोपाठ सिप्रियन यांचे नाव आपल्या कानांवर पडते. दरवर्षी १६ सप्टेंबरला या दोघांचा सण आपण एकत्र साजरा करतो.

सिप्रियन श्रीमंत घरातले, वक्तृत्वशास्त्राचे नावाजलेले शिक्षक. इ.स. २४५-२४६ च्या सुमारास, वयाची चाळिशी जवळ आली असताना, एका वृद्ध धर्मगुरूंच्या सहवासाने त्यांनी स्नानसंस्कार घेतला आणि आपल्या मालमत्तेचा बराच भाग गोरगरिबांना देऊन टाकला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच लोकांनी आग्रह धरून त्यांना बिशप केले. पाच जुन्या धर्मगुरूंना ही निवड रुचली नाही. कालचा नवखा ख्रिस्ती आज आमच्या डोक्यावर बसतो, हा सल त्यांच्या मनात राहिला. हे ध्यानात ठेवा. पुढच्या गोष्टीत या पाच जणांचा संबंध येणार आहे.

इ.स. २५० : दाखल्याचे वर्ष

त्या वेळी रोमन साम्राज्य अडचणीत होते. सीमेवर गॉथ टोळ्यांचे हल्ले चालू होते. सम्राट एकामागून एक मारले जात होते. इ.स. २४९ मध्ये डेसियस गादीवर आला. देव कोपले आहेत, सगळ्या प्रजेने मिळून त्यांना संतुष्ट केले पाहिजे, असे त्याला वाटले. त्याने हुकूम काढला : प्रत्येकाने देवांना बळी वाहावा, मद्य अर्पण करावे, नैवेद्याचे मांस चाखावे आणि तसा सरकारी दाखला घ्यावा.

असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत. ते आपल्याकडच्या अर्जासारखेच आहेत. वर अर्जदाराचे नाव-गाव, मग ‘मी नेहमीच देवांना बळी वाहत आलो आहे, आताही तुमच्यासमोर वाहिला आहे’ अशा आशयाचा मजकूर, आणि खाली साक्षीदारांच्या सह्या. त्यांतला एक दाखला मगर-देवतेच्या पुजारिणीचा आहे! तिलासुद्धा दाखला चुकला नाही. म्हणजे हुकूम सगळ्यांना होता, पण कात्रीत सापडले ते ख्रिस्ती.

कार्थेजची ख्रिस्तसभा हुतात्म्यांची म्हणून ओळखली जात होती. संत पर्पेतुआ आणि फेलिसिटा यांनी इ.स. २०३ मध्ये याच शहरात रक्त सांडले होते. पण मधला बराच काळ शांततेत गेला होता. सिप्रियन स्वतः लिहितात की, या शांततेने लोक सुस्तावले होते. काही बिशप आपले लोक सोडून परप्रांतांतल्या बाजारांत नफा शोधत फिरत होते. त्यामुळे हुकूम येताच अनेक ख्रिस्ती लोकांनी स्वतःहून चौकाकडे धाव घेतली. संध्याकाळ झाली, उद्या या, असे अधिकारी म्हणाले तरी ‘आजच करून घ्या’ अशी विनवणी करणारे होते. काहींनी तान्ह्या मुलांनाही कडेवर घेऊन नेले.

सगळेच असे नव्हते. कोणी तुरुंगात गेले, कोणी तिथे मरण पावले. काहींनी बळी वाहिला नाही, पण पैसे देऊन दाखला मिळवला. बोना नावाच्या एका स्त्रीला तिच्या नवऱ्याने ओढत नेले, इतरांनी तिचे हात धरून बळी वाहायला लावला. हे मी केलेले नाही, तुम्ही केले आहे, असे ती ओरडून सांगत राहिली आणि तिला हद्दपार केले गेले.

आणि सिप्रियन? ते शहर सोडून अज्ञातवासात गेले. रोममध्ये २० जानेवारी २५० रोजी पोप फेबियन हुतात्मा झाले होते. तिथल्या धर्मगुरूंनी कार्थेजला पत्र पाठवले. त्यात कळप सोडून पळणाऱ्या मेंढपाळाचा सूचक उल्लेख होता. सिप्रियन यांना तो झोंबला. आपण राहिलो असतो तर लोकांचाच अधिक छळ झाला असता, असे त्यांचे म्हणणे होते. लपून राहूनही ते पत्रे लिहीत होते, पैसे पाठवत होते, तुरुंगातल्यांची चौकशी करत होते. पण बिशप पळाले, हे बोल त्यांच्या मागे लागलेच.

दाराशी उभे असलेले बिशप

छळ ओसरू लागला तसे पडलेले लोक परत येऊ लागले. ‘चूक झाली, आम्हाला ख्रिस्तप्रसाद द्या,’ असे ते म्हणू लागले. आता काय करायचे?

कार्थेजमध्ये त्या पाच धर्मगुरूंनी आणि फेलिसिसिमस नावाच्या उपधर्मगुरूने दार सताड उघडले. तुरुंगातल्या साक्षीदारांकडून शिफारसपत्र आणले की झाले. अशी पत्रे घाऊक वाटली जात होती. कधी एकाचे नाव आणि पुढे नुसतेच ‘आणि त्याची माणसे’ असे. पश्चात्ताप नाही, प्रायश्चित्त नाही.

रोममध्ये नेमके उलटे झाले. इ.स. २५१ मध्ये कॉर्नेलियस पोप झाले. त्यांच्या विरोधात नोवाशियन नावाचा विद्वान धर्मगुरू उभा राहिला आणि त्याने स्वतःला वेगळा बिशप म्हणून अभिषेक करून घेतला. ज्याने प्रभूला नाकारले त्याला ख्रिस्तसभा कधीच क्षमा करू शकत नाही, असे त्याचे मत. हळूहळू दोन्ही गटांनी कार्थेजमध्येही आपापले बिशप बसवले. एका शहरात तीन बिशप, तीन वेद्या!

सिप्रियन इ.स. २५१ च्या ईस्टरनंतर परतले आणि आफ्रिकेच्या बिशपांची परिषद भरवली. पडलेल्यांची सरसकट एक मोट बांधायची नाही, प्रत्येकाचे प्रकरण वेगवेगळे पाहायचे, असे तिथे ठरले. स्वतःहून धावत गेलेला आणि बराच काळ झुंजून शेवटी पडलेला, हे दोघे सारखे कसे? स्वतः पुढे होऊन ज्याने बायको-मुलांना आणि आश्रितांना त्या संकटातून वाचवले, त्याचा विचार वेगळा नको का? ज्यांनी नुसता दाखला घेतला होता, त्यांना चौकशीनंतर परत घेण्यात आले. ज्यांनी बळी वाहिला होता त्यांनी प्रायश्चित्त करत राहावे, पण मरणसमयी त्यांना नाकारू नये.

पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा बिशपांनी आणखी एक पाऊल टाकले. प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांना त्यांनी ताबडतोब परत घेतले. ज्यांना आपण लढाईला पाठवतो त्यांना निःशस्त्र कसे पाठवावे? ज्यांनी प्रभूसाठी रक्त सांडावे असे आपण म्हणतो, त्यांना आधी प्रभूच्या रक्ताचा प्याला नको का? असा त्यांचा विचार होता.

बंधू-भगिनींनो, योहानच्या शुभवर्तमानातील आजचे वाचन इथे आठवा. पेत्रानेही प्रभूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थित येशूने त्याला दूर लोटले नाही. काही झालेच नाही, असेही दाखवले नाही. तीनदा नाकारणाऱ्याला त्याने तीनदा प्रेमाविषयी विचारले, पेत्राला ते लागले, आणि मग कळप त्याच्या हाती सोपवला. सिप्रियन यांनी शोधलेली वाट हीच होती. त्यांनी दार काढूनही टाकले नाही आणि कायमचे लावूनही घेतले नाही.

त्या वाक्याचा उगम

आता मावशींच्या चिठ्ठीकडे वळू या.

सिप्रियन यांच्या नावावर अशी दोन वाक्ये फिरतात. ज्याला ख्रिस्तसभा आई म्हणून नको, त्याला देव पिता म्हणून लाभत नाही, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या ऐक्यावरील पुस्तिकेत आहे. ती पुस्तिका इ.स. २५१ ची. वर सांगितलेल्या भांडणाच्या ऐन मध्यावर ती लिहिली गेली. तिच्यात ते ज्यांना दटावतात ती स्नानसंस्कार घेतलेली, ख्रिस्तप्रसाद घेतलेली, काही तर अभिषिक्त झालेली माणसे होती. रागाने, मानापमानाने, अधिकाराच्या हव्यासाने त्यांनी वेगळी वेदी मांडली होती.

चिठ्ठीवरचे दुसरे वाक्य इ.स. २५६ मधील एका पत्रातले आहे. तिथे वाद होता तो असा की, फुटून गेलेल्या पंथांनी दिलेला स्नानसंस्कार खरा मानायचा की नाही. ज्यांनी ख्रिस्ताचे नाव कधी ऐकलेच नाही, त्यांचे काय होणार, हा त्या पत्राचा विषयच नव्हता. सिप्रियन यांच्या डोळ्यांसमोर कोणाची हिंदू सून नव्हती. त्यांच्यासमोर होते आपल्यासारखेच ख्रिस्ती लोक, एका घरात राहून घर फोडणारे.

मग ख्रिस्तसभेबाहेरच्या शेजाऱ्यांशी ते कसे वागले? तेही नोंदलेले आहे. इ.स. २५२ च्या सुमारास कार्थेजमध्ये भयंकर साथ आली. लोक आपल्याच घरातल्या आजाऱ्यांना रस्त्यावर टाकून पळत होते. सिप्रियन यांचे चरित्र लिहिणारे उपधर्मगुरू पोंतियस सांगतात की, तेव्हा त्यांनी ख्रिस्ती लोकांना एकत्र बोलावले. फक्त आपल्या माणसांची सेवा केली तर त्यात विशेष काय? पित्याचा सूर्य सर्वांवर उगवतो, तेव्हा आपणही सर्वांसाठी झिजले पाहिजे, असे त्यांनी समजावले. ज्यांनी कालपरवा ख्रिस्ती लोकांना पकडून द्यायला आरडाओरड केली होती, त्यांच्यासाठीही पैसा आणि माणसे उभी राहिली.

संदर्भ म्हणजे सबब नव्हे

इथे एक सावधगिरी हवी. जुने लेखन त्याच्या काळात ठेवून वाचायचे म्हणजे लेखकाच्या चुकांवर पांघरूण घालायचे असे नाही. फुटून गेलेल्यांनी दिलेला स्नानसंस्कार व्यर्थ आहे, हे सिप्रियन यांचे मत ख्रिस्तसभेने स्वीकारले नाही. पोप स्तेफन यांनी तेव्हाच त्याला विरोध केला. पुढे इ.स. ३१४ च्या आर्लच्या परिषदेने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला स्नानसंस्कार पुन्हा देऊ नये, असे ठरवले. संत ऑगस्टिन यांनी सिप्रियन यांचा मनापासून आदर राखून त्यांचे हे मत खोडून काढले. संत असणे आणि प्रत्येक वाक्यात अचूक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाक्याचाही पुढे प्रवास झाला. काही शतकांनंतर ते यहुदी आणि इतरधर्मीय अशा सर्वांनाच लावले गेले, १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेतही. पण विसाव्या शतकात अमेरिकेतील बोस्टन येथे काही लोक ते अगदी टोकाच्या अर्थाने शिकवू लागले, तेव्हा १९४९ मध्ये रोमच्या होली ऑफिसने पत्र पाठवून तो अर्थ नाकारला. मग २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीचा सिद्धांतग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या १६ व्या परिच्छेदाचा आशय असा : स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून, त्याच्या कृपेच्या बळावर, त्याच्या इच्छेप्रमाणे जगू पाहतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ते तारणही ख्रिस्ताकडूनच येते. म्हणून शुभवर्तमान सांगण्याचे आपले काम संपत नाही, पण कोणाला नरकात ढकलायचे हे काम आपल्याकडे दिलेले नाही.

याच ग्रंथाचा १४ वा परिच्छेद मात्र आपण क्वचित वाचतो. जो ख्रिस्तसभेत आहे पण प्रेमात टिकून राहत नाही, तो तिच्यात शरीराने आहे, हृदयाने नाही. आणि त्याचे तारण होत नाही, असा त्याचा आशय आहे. सिप्रियन यांच्या वाक्याचा रोख पुन्हा जिथे होता तिथे आला. चिठ्ठी सुनेच्या नावाने निघाली होती, पण तिच्यावरचा खरा पत्ता आपला होता.

आपल्यासाठी

आपल्या धर्मग्रामात पाहा. जमिनीच्या बांधावरून बोलणे तुटलेले सख्खे भाऊ एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतात. समितीच्या निवडीवरून दुखावलेला माणूस दुसऱ्या गावच्या मिस्सेला जातो. शांतीच्या खुणेच्या वेळी नेमके एका बाजूला पाहायचे टाळले जाते. आणि हेच आपण, कोण आत आणि कोण बाहेर याच्या चिठ्ठ्या वाटतो.

मागच्या बाकावरही पाहा. कधी काळी पडलेली, वर्षानुवर्षे कुमसाराला न आलेली माणसे तिथे उभी असतात. त्यांना नोवाशियनसारखे टोमणे मारणारे आहेत, आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणणारे फेलिसिसिमसही आहेत. त्यांचे ऐकून घेणारा, त्यांच्याबरोबर चार पावले चालून दारापर्यंत येणारा कोणी हवा आहे.

पुढच्या वेळी एखाद्या आद्य ख्रिस्ती लेखकाचे वाक्य हाती आले तर चार प्रश्न विचारा. हे कोणी लिहिले? कोणाला लिहिले? तेव्हा काय घडत होते? आणि ख्रिस्तसभेने ते पुढे कसे समजून घेतले? पवित्र शास्त्र वाचतानाही लेखकाचा काळ आणि परिस्थिती पाहावी, असे परिषदेने १९६५ मध्ये सांगितले आहे. मग धर्मपितरांचे लेखन वाचताना तर ते हवेच. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी दिवंगत पोप सोळावे बेनेडिक्ट यांची बुधवारची प्रवचने सोपी आहेत. सिप्रियन यांच्यावर ते ६ जून २००७ रोजी बोलले होते.

शेवटी सिप्रियन यांचे काय झाले ते सांगतो. इ.स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या काळात त्यांना हद्दपार केले गेले. पुढच्या वर्षी त्यांना युटिका शहरात नेऊन खटला चालवायचे घाटत होते. ते काही दिवस बाजूला झाले, पण या वेळी मरण टाळायला नाही. बिशपाने आपल्याच लोकांसमोर प्रभूची साक्ष द्यावी, असे त्यांना वाटत होते. मग ते कार्थेजला परतले. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. मारेकऱ्याला पंचवीस सुवर्णनाणी द्या, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले होते. ज्यांना एकेकाळी पळाले म्हणून हिणवले, ते आठ वर्षांनी असे उभे राहिले. माणसाला उठायला वेळ द्यावा लागतो, हे त्यांनी इतरांना दिले आणि त्यांनाही मिळाले.

मी मावशींना भेटून हे सारे सांगितले. त्यांनी चिठ्ठी घडी करून माझ्याकडे दिली. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “फादर, मग मला माझ्या धाकट्या जावेकडे जायला हवं. सहा वर्षं झाली आम्ही बोललो नाही.”

आपणही कोणाकडे जायला हवे, हे या आठवड्यात प्रत्येकाने शोधू या.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू पेत्राला पुन्हा उभे केलेस आणि सिप्रियनला बळ दिलेस. जे पडले आहेत त्यांना उठव, जे तुटले आहेत त्यांना जोड. तुझ्या संतांचे शब्द दुसऱ्यावर दगडासारखे न फेकता आधी स्वतःच्या हृदयावर घेण्याची नम्रता आम्हांला दे. आमच्या घरांत आणि शेजारात जे तुला वेगळ्या वाटेने शोधत आहेत, त्यांना आमच्या वागण्यातून तुझे प्रेम दिसू दे. आमेन.